दिघे सर आणि दोन नायकांचं नाटक

आमचे शेजारी दिघे सर आमच्याकडे चहाला येतात ते घरून चहा पिऊन. पहिल्यांदा माझ्या बायकोला रागच आला. सर शांतपणे म्हणाले, "वहिनी, तुमच्यावर अविश्वास नाही. पण दूध नासलं, गॅस संपला, तर? माणसानं हेजिंग करावं, दुसरी सोय ठेवावी." मग आमचाही कप संपवला आणि वर बिस्किटं मागितली.

सर इथे नोएडात एका विद्यापीठात फायनान्स शिकवतात. जोखीम हा त्यांचा विषय, आणि त्यांच्या स्वतःच्या आयुष्यात ती औषधालाही सापडणार नाही. मेट्रो बंद पडेल म्हणून कॅब बुक करतात, कॅब येणार नाही म्हणून मला गाडी काढून ठेवायला सांगतात, आणि शेवटी मेट्रोनेच जातात. मी आपला सोसायटीच्या गेटवर गाडीत बसून.

वर्गातलं त्यांचं लाडकं उदाहरण म्हणजे पानिपत. "सारा दाँव एक दोपहर पे! बॅकअप प्लॅन ही नहीं था!" एकदा एक मुलगी म्हणाली, "सर, मैं तो पानिपत से ही हूँ. पापा का चादरों का काम है." सर इतके भारावले की तास बाजूलाच राहिला. पुढच्या आठवड्यात त्यांच्या घरी दोन चादरी आल्या. दोन का, ते मी विचारलं नाही.

पण सरांचा खरा जीव नाटकात. नोएडातल्या आमच्या मराठी मंडळाच्या गणेशोत्सवात दरवर्षी ते अर्ध्या तासाची एकांकिका बसवतात आणि तिच्यासाठी दोन-तीन महिने स्वतःच्या घरी तालमी घेतात. इथेच वाढलेली आमची पोरं विचारतात, "सर, हुंदका मतलब?" सर अर्थ सांगत नाहीत, देऊन दाखवतात. तो इतका अस्सल असतो की समोरचे गुप्ताजी "सब ठीक है ना?" म्हणत दार वाजवतात.

गेल्या वर्षी सरांनी नायकाचंही हेजिंग केलं. मूळ नायक मानेसरला कार कंपनीत इंजिनिअर. तो ट्रॅफिकमध्ये अडकला तर? म्हणून दुसरा एक तयार ठेवला, तोच फेटा, तीच मिशी. प्रयोगाच्या दिवशी पहिला खरंच अडकला. सरांनी दुसऱ्याला डाव्या बाजूनं स्टेजवर ढकललं. तेवढ्यात पहिला गाडीतच मिशी चिकटवून पोचला आणि कुणाला न विचारता उजवीकडून घुसला. नायिकेला म्हणायचं होतं, "नाथ, किती वाट पाहायला लावलीत!" तिनं इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं आणि म्हणाली, "अरे यार, ये तो दो आ गए!"

इतकी टाळी मंडळाच्या नाटकाला कधी पडली नव्हती. कमिटीचा मात्र संताप झाला. या वर्षी ठराव झाला: नाटक बंद, त्याऐवजी फिल्मी गाण्यांवर मुलांचे डान्स. सरांना ते सांगायचं काम शेजारी म्हणून माझ्या गळ्यात पडलं.

दार सरांच्या सुनेनं उघडलं. पंजाबी, मोठी गुणी पोर. "पापाजी, अंकल आए हैं!" म्हणत तिनं माझ्यापुढे पराठा ठेवला. सरांनी सगळं ऐकून घेतलं. मला वाटलं, आता व्याख्यान होणार.

"बरोबर आहे कमिटीचं," ते म्हणाले. मग अगदी हळू म्हणाले, "जोग, नाटक नको. पण तालमी ठेवू या का?"

"नाटकच नाही तर तालीम कसली, सर?"

"कसलीही. पोरांनी यावं, चुकावं, दंगा करावा. ही गेल्यापासून या घरात मराठी कानावर पडत नाही हो. मुलगा, सून जीव लावतात, तक्रार काही नाही. पण सगळं हिंदीत. ही असताना आमटीत मीठ जास्त झालं यावरूनसुद्धा आम्ही तासभर भांडायचो. तसं आता कुणाशी भांडू?"

इतकी वर्षं भिंतीला भिंत लागून राहिलो आणि हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. कमिटीला काय सांगायचं याचा विचार न करता मी म्हणालो, "शनिवारी संध्याकाळी पाठवतो सगळ्यांना."

"तुम्हीही या."

"मला अभिनय येत नाही, सर."

"नसू दे," सर म्हणाले. "भांडता येतं ना?"