मंतरलेला किल्ला कुणाचा?

एका जंगलात शिकार मागे पडली होती, कारण सगळे प्राणी खेळत बसले होते. हसू नका मुलांनो, तुमच्या घरी काय वेगळं चाललंय?

तो खेळ होता रावसाहेब लांडग्याचा. संगणकासमोर बसायचं. पडद्यावर आपले पंजे दिसायचे आणि पंजात बंदूक. बाकीचं अंग दिसत नसे. भुयारात शिरायचं आणि समोर येईल त्याला उडवायचं. सशांना हा खेळ फारच आवडला. एरवी त्यांना अशी संधी कोण देतो?

त्याच जंगलात शिदू नावाचं साळिंदर राहायचं. त्याला लहानपणापासून जादूगारांच्या गोष्टींचं वेड. एक दिवस तो भीतभीत लांडग्याकडे गेला.

"दादा, तुमच्या खेळाचं इंजिन, म्हणजे आतली यंत्रणा, वापरू का? मला जादूचा खेळ करायचाय."

"ने की," लांडगा म्हणाला. "फक्त मोडू नकोस."

शिदूने तहानभूक विसरून खेळ केला. बंदुकीच्या जागी जादूची काठी आली, भुयाराच्या जागी किल्ला. लांडग्याच्या खेळात नुसतं समोर बघता यायचं. शिदूच्या खेळात मान वर करून आभाळ बघता येई, पंख लावून उडता येई. शत्रूवर अंडं फेकलं की त्याची कोंबडी व्हायची. कोंबड्यांनी यावर निषेधसभा घेतली आणि सभा आटोपल्यावर त्याही खेळायला बसल्या. खेळाचं नाव ठेवलं 'मंतरलेला किल्ला'.

जंगल खूश झालं. जो तो शिदूला थांबवून सांगायचा, "झकास जमलाय हो. लांडग्याचाच खेळ, फक्त टोपी जादूगाराची."

हे शिदूच्या फार जिव्हारी लागलं. त्याला हार नको होते, सत्कार नको होता. 'हा शिदूचा खेळ' एवढंच कुणाच्या तरी तोंडून ऐकायचं होतं.

आता या जंगलाची एक खोड सांगतो. लांडग्याच्या खेळात एक गुप्त मंत्र होता. तो टाईप केला की खेळणारा अमर व्हायचा. गुप्त म्हणजे काय, पिल्लापिल्लाला पाठ होता. कुठलाही खेळ सुरू झाला की बोटं आधी मंत्राकडे वळायची. शिदूने तोच मंत्र आपल्या खेळात घातला, पण उलटा. टाईप केला की खेळणारा जागच्या जागी गार.

दुसऱ्याच दिवशी सोनबा माकड तणतणत आलं.

"मंत्र म्हटला आणि मेलो की मी. हा काय प्रकार आहे?"

"तो लांडगादादांच्या खेळातला मंत्र," शिदू शांतपणे म्हणाला. "हा खेळ माझा आहे."

सोनबा शेपटी आपटत परत गेला. त्या दिवशी शिदूला दोन घास जास्त गेले.

पुढे बरीच वर्षं गेली. खेळ जुना झाला आणि जुना झाल्यामुळे थोर ठरला. जंगलाने त्याचा इतिहास लिहायचं ठरवलं. काम मिळालं विदुषी कोल्हीणबाईंना. त्यांनी तो खेळ कधीच खेळला नव्हता, त्यामुळे त्या अगदी निःपक्षपाती होत्या.

त्या शिदूकडे आल्या. शिदूने त्यांना आभाळाबद्दल सांगितलं, पंखांबद्दल सांगितलं. बाईंनी जांभई दिली.

"शिदूभाऊ, ते मंत्राचं सांगा ना. तो चालत का नाही?"

"मुद्दाम तसा केलाय, बाई."

"असं सगळेच म्हणतात," बाई समजुतीने म्हणाल्या.

प्रकाशन थाटात झालं. अध्यक्षस्थानी अर्थातच रावसाहेब. शिदू बायकोला घेऊन मागच्या रांगेत बसला होता. त्याने पानं उलटली. सगळं पुस्तक लांडग्याच्या प्रतिभेवर होतं. शिदूचं नाव एकदाच आलं होतं: 'रावसाहेबांच्या या अजोड कलाकृतीत मंत्र उलटा चालण्याची गंभीर चूक राहून गेली. ती शिदू साळिंदर यांची.'

शिदूला रडूच कोसळलं.

"अहो, नाव तर आलं छापून," बायको म्हणाली.

तेवढ्यात पुढच्या रांगेतला सोनबा उठला. त्याने शिदूकडे बोट दाखवून सगळ्या सभेला सांगितलं, "ही शिदूची चूक हं. लांडग्याचा यात काही संबंध नाही."

सभेने टाळ्या वाजवल्या.

तात्पर्य: मुलांनो, चांगलं काम कुणाच्याही नावावर जाऊ शकतं. चूक मात्र कोणी पळवत नाही. म्हणून नाव कमवायचं असेल, तर मन लावून चुका करा.