सहकार्याची खांड

समुद्रबांधाला खांड पडली होती. रुंदी एक हात, खोली गुडघाभर. बाब गंभीर होती, पण नवलाची नव्हती. वर्षातून एकदा समुद्र बांधाला डोकं लावून बघायचाच. मग ओहोटी लागली की साऱ्या गावाची मावशी बांधावरची घंटा बडवायची, चाळीस माणसं रांगेत उभी राहायची आणि चिखलाची घमेली हातोहात पुढे सरकायची. रांगेच्या तोंडाशी उभी राहून मावशी ओवी म्हणायची, म्हणजे हातांना ताल मिळायचा. भरती परतेपर्यंत खांड बुजलेली असायची. बांधाआड गावातली एकुलती एक गोड्या पाण्याची विहीर होती, आणि मावशीच्या घरात दीड वर्षाची नात.

या खेपेला मावशीने घंटेच्या दोराला हात घातला आणि बांधाखाली जीप थांबली. उतरले ते समन्वयक. किनाऱ्यावरच्या सहा मागास देशांनी एकमेकांच्या शाश्वत विकासासाठी जे प्रादेशिक सहकार्य मंडळ काढलं होतं, त्याचे.

"मावशी, हात लावू नका."

"अहो साहेब, सहा तासांत भरती येईल."

"येऊ द्या. आपली खांड आपणच बुजवली की ती नुसती डागडुजी. शेजारच्या देशाने बुजवली की सहकार्य. आणि डागडुजी शाश्वत नसते."

"दरवर्षी करतो की आम्ही!"

"तेच म्हणतोय मी. दरवर्षी करावी लागते."

मावशीने दोर सोडला.

ठरावानुसार गावातली चाळीस माणसं, त्यांत मावशीचा मुलगाही, शेजारच्या देशाची खांड बुजवायला रवाना झाली, आणि तिथली चाळीस माणसं इथली बुजवायला आली. पाहुण्यांना शाळेच्या सभागृहात बसवून पडद्यावर खांडीची चित्रं दाखवण्यात आली. खरी खांड तिथून दोनशे पावलांवर होती; परंतु संयुक्त मोजणी होईपर्यंत तिच्याजवळ जाण्यास मनाई होती.

आठव्या दिवशी मुलाचा फोन आला. "आई, इथली खांड हुबेहूब आपल्यासारखी गं. एका ओहोटीचं काम."

"मग बुजवा की रे मेल्यांनो!"

"चित्रं बघतोय अजून. काल आपलाच बांध दाखवला. तू दिसलीस, घंटेपाशी."

खांडीतून बैलगाडी जाऊ लागेल इतकी ती रुंदावली, तेव्हा गावाला 'पथदर्शी' दर्जा मिळाला. होडी जाऊ लागेल इतकी झाली, तेव्हा 'आदर्श'. अभिनंदनाचं पत्र आणणारा शिपाई खांड ओलांडताना कमरेपर्यंत भिजला.

"सासूबाई," सून म्हणाली, "तुमच्या आदर्श गावाचं पाणी मचूळ लागतंय. पोर घोट घेते नि थुंकते. अमावस्या चार दिवसांवर आलीय. उधाण आत शिरलं की विहीर गेलीच समजा."

मावशी तडक कचेरीत गेली. "मोजणी कधी, साहेब?"

"सहाही देशांना पत्रं गेलीत. पाचांचा होकार आला."

"आणि सहावा?"

"सहावे आपण. आपल्या उत्तराची वाट बघतोय."

मावशी परतली ती सरळ सभागृहाच्या दारात. पायरीवर पांढऱ्या मिशांचा एक पाहुणा बसला होता. तिच्या तोंडाकडे बघून तो म्हणाला, "आमच्याकडेही अशीच विहीर आहे, मावशी. घमेली कुठं आहेत?"

चाळीसही पाहुणे चित्रं सोडून उठले. घंटा वाजवली नाही, पण ओवी झाली:

समुद्रा रे दादा, तुझं आभाळाएवढं घर,
माझी ओंजळीची विहीर, तेवढी सोडून भर.

भरतीच्या आत खांड बुजली.

दुसऱ्या दिवशी नोटीस लागली. 'अहवालात खांडीची रुंदी अकरा हात नमूद असता, प्रत्यक्ष जागेवर ती शून्य आढळली. सबब जागेची तातडीने दुरुस्ती करण्यात येत आहे.' ओहोटी लागताच अख्खी कचेरी बांधावर लोटली. शिपायापासून समन्वयकांपर्यंत सारे रांगेत उभे राहिले, चिखल हातोहात बाहेर आला आणि भरतीच्या आत अकरा हात मोकळे झाले. फीत लावून खात्रीही केली आणि घमेली कचेरीत कुलूपबंद केली. मावशी बघत राहिली. रांग अगदी बिनचूक होती. ताल तेवढा नव्हता.

अमावस्येला उधाण आलं आणि विहिरीत उतरलं.

समारोपाला सहा देशांचे प्रतिनिधी जमले. त्यांची होडी खांडीतून थेट सभागृहाच्या पायरीला लागली. व्यासपीठावर मावशीला ओवी म्हणायला लावलं. सभागृह गहिवरलं, दोघांनी रुमाल काढले. मावशीने घोटभर पाणी मागितलं. तिला बाटली मिळाली. तिने ती उघडली नाही. नातीसाठी पदराआड धरली.

मग समन्वयकांनी अहवालाचा तक्ता वाचला. "बुजवलेल्या खांडी: निरंक. वाचलेल्या विहिरी: निरंक. हळहळलेल्या व्यक्ती..." ते थांबले. "हा आकडा भरायचाय. मंडळाचं यश त्यावरच ठरतं."

"मला त्यात धरू नका," मावशी म्हणाली. "मला घमेलं उचलायचंय."

"तुम्हाला कशाला? तुमची ही कर्मकहाणी जे शेवटपर्यंत वाचतील, त्यांना धरतो. बसल्या जागी हळहळतात आणि बांधाकडे फिरकत नाहीत. त्यांच्याइतकं शाश्वत सहकार्य आजवर आम्हाला कुणीच केलेलं नाही."

तक्ता अजून खुला आहे. आकडा आत्ताच एकाने वाढला.