पन्नास शिक्षकांचे पऱ्हे

शाळेत नखं तपासतात ती घाणेरडी आहेत का हे बघायला. गभने सर तपासत ती स्वच्छ आहेत का हे बघायला. शेतीच्या तासाला पोरं हात पुढे करून ओळीनं उभी राहत आणि ज्याची नखं पांढरीशुभ्र, त्याच्यासमोर सर थांबत. "काहून रे, लगन लागून राहिलं का तुहं? जाय, बांदीत जाऊन ये." बांदी म्हणजे शाळेमागचा धानाचा तुकडा. पोरगं पळत जाई, चिखलात हात घालून परत येई, सर मान हलवत आणि मगच हजेरी लागे.

एका आईनं तक्रार केली. घरून धुऊन पाठवतो, शाळेतून माखून येतो. सर म्हणाले, "घरी पानी हाय न, बाई? मंग अखीन धुवा."

भंडारा-तुमसर रस्त्यालगतच्या एका गावातल्या हायस्कुलात ते शेती शिकवत आणि मी विज्ञान. मी तेव्हा पस्तिशीचा, ते पन्नाशीचे. त्यांच्याविषयी निव्वळ गंमत म्हणून लिहावं असं मला फार वाटतं, आणि गमतीचं पुष्कळ आहेही. पण मी त्यांच्याशी एकदा वाईट वागलो. ते झाकून हे लिहिणं मला जमणार नाही.

बांदीला लागून एक पत्र्याची खोली होती. तिच्या दारावर सरांनी स्वतः ऑइलपेंटनं 'कृषी साहित्य कक्ष' असं लिहिलं होतं. सरकारकडून साहित्य एकदाच आलं, आणि ते म्हणजे द्राक्षबागेच्या छाटणीच्या बारा कात्र्या. आमच्याकडे धान पिकतो. द्राक्ष आम्ही आजारी माणसाला भेटायला जाताना नेतो. सरांनी त्या बाराही कात्र्या भिंतीवर ओळीनं टांगल्या आणि खाली पाटी लावली, 'हे आपले नाही.' बाकीचं सारं त्यांचं स्वतःचं होतं. लोणच्याच्या बरण्यांत लुचई, हिरानक्खी, चिन्नोर असे जुने धान होते. सलाईनच्या बाटलीचं पर्जन्यमापक होतं. चार काचेच्या पेट्यांत चार प्रकारची माती होती: कन्हार, मोरांड, सिहार आणि बरडी.

या चार मातींत सरांनी सगळी माणसं वाटून टाकली होती. मुख्याध्यापक बरडी, कारण कितीही सांगा, पाण्यासारखं खाली निघून जातं. क्लार्क कन्हार, ओला असला की पायाला चिकटतो आणि वाळला की भेगाळतो. मी एकदा विचारलं, "सर, आणि मी?"

"तू सिहार गा, मेश्राम. दिसाले बरी, पिकतेबी बरी. पन पानी धरून ठेवत नाही."

मी हसलो होतो. तेव्हा हसणं सोपं होतं.

पाठ्यपुस्तकावर त्यांचा राग होता. धुरा म्हणजे बांदीचा बांध, आणि सर प्रत्येक वादाच्या शेवटी एकच वाक्य म्हणत, "कागदाले धुरा नसते, बाबू. पानी थांबंन कुठं?" स्टाफरूममध्ये आम्ही हे वाक्य त्यांच्या आधीच म्हणून टाकत असू. ते रागावत नसत. उलट, कोणीतरी पाठ केलं म्हणून खूश होत.

एकदा तपासणीला मोठे साहेब आले. पांढरे बूट, बोटात अंगठी. शेतीचा तास बघायचा म्हणाले. सर त्यांच्यासमोर उभे राहिले आणि अत्यंत नम्रपणे म्हणाले, "साहेब, हात दाखवजा."

साहेबांना वाटलं, सर भविष्य बघतात. त्यांनी हौसेनं हात पुढे केला. सरांनी नखं पाहिली, मान हलवली आणि दाराकडे बोट केलं. "बांदी तिकडं हाय."

वर्गात हशा फुटला. साहेबही हसले, पण ते हसणं ओठांपुरतंच होतं. जीपमध्ये बसताना ते मला म्हणाले, "या माणसाला कुठे पुढे आणू नका."

त्यानंतर दोन वर्षांनी माझी भंडाऱ्याच्या प्रशिक्षण कार्यालयात नेमणूक झाली. शेती शिकवणाऱ्या शिक्षकांसाठी मार्गदर्शिका तयार करायची होती आणि मग पन्नास शिक्षकांचं प्रशिक्षण. शेतीतलं मला काय कळत होतं? मी सरांकडे गेलो. महिनाभर दर रविवारी मी त्यांच्या पत्र्याच्या खोलीत बसून लिहून घेतलं. बी कसं निवडायचं, पऱ्हे कसे टाकायचे, रोवणी कशी करायची. शहरातल्या वाचकासाठी सांगतो, पऱ्हे म्हणजे रोवणीसाठी, म्हणजे भाताच्या लावणीसाठी, आधी एका कोपऱ्यात दाट वाढवलेली धानाची रोपं. सरांची अट एकच होती. "हालमंदी नाही घ्याचं. मास्तरायले बांदीत उतरवाचं. जो रोवन, तोच शिकवन."

मी हो म्हणालो. प्रशिक्षण ते स्वतः घेतील हेही मी कबूल केलं. सर त्या दिवशी खोलीत उगाचच इकडून तिकडे फिरत होते. मग त्यांनी प्रशिक्षणाच्या तारखेच्या तीन आठवडे आधी, बरोबर दिवस मोजून, पन्नास शिक्षकांपुरते पऱ्हे टाकले. रोप एकवीस दिवसांचं झालं की त्याला थांबता येत नाही, हे त्यांनीच मला लिहून दिलं होतं.

प्रशिक्षणाच्या उद्घाटनाला तेच पांढऱ्या बुटांचे साहेब येणार होते. यादीत सरांचं नाव पाहून त्यांनी नुसतं माझ्याकडे पाहिलं. मी एक शब्द बोललो असतो तर चाललं असतं, असं मला आजही वाटतं. मी पेन काढलं आणि नाव खोडलं. प्रशिक्षण भंडाऱ्याला हॉलमध्ये झालं, पडद्यावर धानाची चित्रं दाखवून. आमच्या शाळेला मी पत्रच पाठवलं नाही. मार्गदर्शिकेवर तिघांची नावं होती, त्यात एक माझं. सरांचं नव्हतं.

आणि सरांना मी फोन करून सांगितलं, "सर, प्रशिक्षण रद्द झालं."

मग ते म्हणाले, "सरकारी प्रशिक्षन रद्द होत नसते गा. लांबते. होईन पुढच्या साली."

ते पन्नास शिक्षकांचे पऱ्हे सरांनी एकट्यानं रोवले. चार दिवस लागले, असं मला शाळेच्या शिपायानं सांगितलं.

पुढच्या जूनमध्ये माझ्या टेबलावर पत्र आलं. सुंदर वळणदार अक्षर. 'विषय : प्रशिक्षणार्थ रोपे तयार असल्याबाबत. महोदय, पन्नास शिक्षकांपुरते पऱ्हे टाकले आहेत. आदेश व्हावेत.' ते पत्र वाचून मला बसवेना. फोनवर पुन्हा खोटं बोलायची हिंमत नव्हती, म्हणून मी स्वतः गेलो आणि समोर बसून खोटं बोललो, "यंदा जमत नाही, सर." त्यांनी चहा केला. पावसाचं, मुलांचं विचारलं. मी निघालो तेव्हा फाटकापर्यंत आले.

त्यानंतर दरवर्षी हेच. जूनमध्ये पत्र, जुलैत माझी फेरी, तेच वाक्य, तोच चहा. मधे सरांच्या घरच्या काकू वारल्या. सर निवृत्त झाले, शेतीचा विषय शाळेतून बंद पडला आणि पत्र्याच्या खोलीत सायकली ठेवू लागले. पत्र थांबलं नाही. फक्त शाळेच्या बांदीऐवजी 'माझे घरामागील बांदीत' असं लिहून यायचं. सरांची मुलगी पुण्याला. ती रोज फोन करते, जेवण झालं का विचारते, सर 'झालं' म्हणतात आणि फोन संपतो. सरांनीच एकदा हे मला गंमत म्हणून सांगितलं होतं.

यंदा पत्र आलं नाही.

जून संपला. मी टपाल दोनदा विचारलं. गुडघे धरले असतील, विसरले असतील, मी स्वतःला समजावत राहिलो. भलतंसलतं मनात येऊ लागलं तेव्हा जुलैतल्या एका सकाळी तुमसरची एसटी पकडून गेलो.

सर घरामागे धुऱ्यावर स्टूल टाकून बसले होते. कोपऱ्यात पऱ्हे हिरवेगार उभे होते. पन्नास जणांपुरते.

"आला का गा," ते म्हणाले. इतकंच.

मी चपला न काढताच त्यांच्यासमोर उभा राहिलो आणि बोलून टाकलं. प्रशिक्षण झालं होतं, नाव मी खोडलं होतं, पुस्तक तुमचं होतं, इतकी वर्षं मी खोटं बोलत होतो. एका दमात सांगितलं. पाठ केलेलंच होतं.

सर पऱ्ह्यांकडे बघत होते. "मालूम हाय," ते म्हणाले.

"कधीपासून?"

"त्याच साली, दिवाळीच्या आंधी. शहापूरकडचा एक मास्तर आला होता तुहं पुस्तक घेऊन. म्हने, सर, यात लिवलं तसं चार बोटं खोल रोवलं, फुटवेच नाही फुटले. मी पुस्तक वाचलं." ते किंचित हसले. "वाक्यं सारी माही होती. चूक तेवढी तुही. मी दोन बोटं सांगतलं होतं."

"मग पत्रं कायले पाठवत होते, सर?"

"पत्र गेलं का तू येत होता न."

त्यांनी हे तक्रारीच्या सुरात म्हटलं नाही. पाणी सोडलं की ते बांदीत येतं, तसं म्हटलं.

"मले मालूम हाय हे सांगतलं असतं," ते पुढे म्हणाले, "तं तुले लाज वाटली असती. मंग तू कायले येतो? म्हून नाही सांगतलं. सालातून एक दिवस का होईना, कोनी येऊन बसत होतं. धानाचं बोलत होतं. खोटं का होईना."

"आणि यंदा?"

"यंदा म्हटलं, पाहू. बिना पत्राचा येते का."

सर उठले. गुडघ्यावर हात ठेवून, दोन हप्त्यांत. माझ्या पायांकडे पाहून म्हणाले, "चपला काढ. प्यांट वर कर."

मी बांदीत उतरलो. पोटरीपर्यंत गार चिखल. सरांनी पऱ्ह्यांची एक जुडी माझ्या हातात दिली. मी पहिलं रोप लावलं. त्यांनी वाकून बघितलं, उपटलं आणि परत माझ्या हातात दिलं. तीनदा. चौथ्यांदा राहू दिलं.

मग ते धुऱ्यावर गेले. सदऱ्याचं वरचं बटन लावलं, केसांवरून हात फिरवला, घसा साफ केला. कागद नव्हता, सगळं पाठ होतं. "जमलेल्या शिक्षक बंधू आणि भगिनींनो," त्यांनी सुरुवात केली. सरांच्या तोंडून पुस्तकातली मराठी मी पहिल्यांदाच ऐकत होतो. "आज आपण रोवणी शिकणार आहोत. ज्यांना चिखलाची सवय नाही त्यांनी घाबरू नये. चिखल कोणाला हसत नाही."

ते थांबले. टाचा उंचावून माझ्या डोक्यावरून पलीकडे बघितलं.

"मागच्यांना आवाज येतो आहे का?"

माझ्यामागे नुसतं पाणी होतं, शेवटच्या धुऱ्यापर्यंत.

"येतो आहे, सर," मी म्हणालो.