कामाला असमर्थ

ओला टॉवेल वाळत घालता घालता कौमुदी बाल्कनीत एकदम खाली बसली.

“अंबरीष, इकडे ये. उभा राहू नकोस, वाकून ये.”

अंबरीष रांगत आला. मिताली नुकतीच रांगायला लागली होती. आपला बाबा उशिरा का होईना, शहाणा झाला असं वाटून ती खुदकन हसली.

“खाली बघ. राखाडी टोपीवाली.”

ओजिमाच्या त्या उंच जपानी सरकारी इमारतीखाली, सायकलींच्या शेडपाशी, एक आजीबाई मान वर करून उभ्या होत्या. मास्कमुळे चेहरा दिसत नव्हता. संध्याकाळची धून भोंग्यातून वाजली, मुलं घराकडे पांगली, मैदान रिकामं झालं, तरी त्या हलल्या नाहीत. नजर नेमकी सातव्या मजल्यावर.

“मला काम करताना पाहिलं तिने,” कौमुदी कुजबुजली. “माझा भत्ता गेला आता.”

बाळंतपणाच्या तोंडावर कौमुदीची नोकरी गेली होती. बेकारी भत्ता मिळतो तो नोकरी शोधणाऱ्याला, आणि मांडीवर तान्हं घेऊन ती कुठली नोकरी शोधणार? रोजगार कार्यालयातल्या बाईंनी गोड शब्दांत मार्ग सुचवला. मुदत वाढवून घ्या, बाळ पाळणाघरात जायला लागलं की या; तोवर तुमचा भत्ता तुमची वाट बघेल. फक्त सध्या कामाला असमर्थ आहोत, एवढं लिहून द्यायचं. कौमुदीने सही ठोकली. भत्ता तिच्या स्वतःच्या कष्टांचा होता. त्याच्या जोरावर तिला पुढे मनाजोगतं काम शोधायचं होतं, मिळेल ते नव्हे.

सगळं सुरळीत होतं, पण आदल्या दिवशी निशी-कसाईहून ओळखीच्या ज्योत्स्नाताईंचा फोन आला.

“असमर्थ लिहून दिलंयस ना? मग जप बाई. त्या ऑफिसची माणसं फिरत असतात. दिसत नाहीत, पण असतात.”

“अहो ताई, मी काम कुठे करते? घरीच तर असते.”

“घरी काय झोपा काढतेस?”

आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी घरकामाला काम म्हटलं होतं, आणि तेही असं गळ्याशी आणून.

टोपी दिसली त्या संध्याकाळपासून कौमुदीने पडदे ओढले. धुणं, भांडी, कचऱ्याच्या नाना पिशव्या वेगळ्या करून खाली नेणं, सगळं अंबरीषकडे आलं. इमारतीतल्या सगळ्यांनी मिळून गवत काढायच्या दिवशीही तो एकटाच गेला, मितालीला छातीशी बांधून.

“आणि बायको?” कुणीतरी विचारलं.

काही बोलायचं नाही, असं कौमुदीने बजावलं होतं. अंबरीषने मान खाली घातली आणि डोळे मिटून घेतले. एका म्हाताऱ्या गृहस्थांनी हातातलं खुरपं ठेवून हात जोडले.

मग घराभोवती काहीतरी फिरायला लागलं. लांबलचक व्हरांड्यातले दिवे आपोआप लागत, पण पावलं ऐकू येत नसत. लिफ्ट सातव्यावर थांबे, दार उघडे, कुणी उतरत नसे. केस मोकळे सोडून, मळकट पांढऱ्या गाऊनमध्ये कौमुदी पडद्याच्या फटीतून बघत उभी राही. मिताली तिच्या कडेवरून खाली कुणाला तरी टाटा करी. खाली राखाडी टोपी असे. टाटा केला की टोपी चटकन शेडमागे जाई.

एका सकाळी दाराबाहेर मिठाचा छोटासा, टोकदार ढीग दिसला.

“घर हेरलंय त्यांनी. ही खूण आहे,” कौमुदी दार लोटून म्हणाली.

“छे गं! कुणीतरी आपली दृष्ट काढलीय. मिरच्या टाकायच्या राहिल्या.”

अंबरीषने मीठ झाडून टाकलं. दुसऱ्या दिवशी दाराच्या दोन्ही बाजूंना ढीग होते.

शनिवारी बेल वाजली. दाराच्या भिंगातून राखाडी टोपी दिसत होती, मागे आणखी दोघं. भत्ता जायचाच असेल तर लपून तरी काय करायचं? तिने कडी काढली.

टोपीवाल्या आजी किंचाळल्या. मूठभर मीठ कौमुदीच्या तोंडावर आलं. मागचे दोघं जिन्याकडे पळाले.

“तुम्ही... जिवंत आहात?” आजींनी विचारलं.

कौमुदीला भीतीने एकच वाक्य आठवलं. “हो. पण कामाला असमर्थ.”

त्या ओगावा-सान, इमारतीच्या समितीच्या प्रमुख. बाल्कनीतली बाई डोळ्यांदेखत नाहीशी झाली, नवरा एकटाच बाळ घेऊन हिंडतो, विचारलं तर डोळे मिटतो, आणि तिन्हीसांजेला पडद्याआड कुणीतरी पांढरं उभं असतं. तान्हं मागे ठेवून गेलेल्या आईचा जीव बाळात अडकलाय, याबद्दल इमारतीत कुणालाच शंका उरली नव्हती. लिफ्टने वर येऊन घाबरून परतणारे, दबक्या पावलांनी दाराशी भूत हटवायचं मीठ ठेवणारे, ते हेच सगळे.

कौमुदीने केसांतलं मीठ झटकत सगळं जपानीत सांगितलं. ओगावा-सान भिंतीला टेकून हसल्या.

“अगं मुली, माझ्या मुलाच्या वेळी मीही मुदत वाढवून घेतली होती. सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या, मूल अंगावर पिणारं. ऑफिसात सगळं खरं सांगितलं. ते म्हणाले, कुणाकडे पगारावर राबलात तर कळवा. घरातलं काही काम धरत नाहीत.”

“आणि भत्ता?”

“मिळाला ना, मुलगा पाळणाघरात गेल्यावर!”

कौमुदीने मितालीला इतकं घट्ट धरलं की ती ओरडली. भत्ता शाबूत होता.

आतून अंबरीष आला, अंगात एप्रन, हाताला फेस. “काय म्हणतायत गं त्या?”

“म्हणतायत, घरकाम हे काम नाही.”

अंबरीष दारातच बसला. त्याने आपल्या सुरकुतलेल्या बोटांकडे पाहिलं, मग सिंककडे.

“काम नाही? मग दिवसभर मी जे करतो, त्याला म्हणायचं काय?”

“काय विचारतोय तो?” ओगावा-साननी विचारलं. कौमुदीने सांगितलं.

ओगावा-सानचं हसू थांबलं. कुठल्याच नवऱ्याच्या तोंडून हा प्रश्न त्यांनी अख्ख्या आयुष्यात ऐकला नव्हता. भूत दिसावं तशा त्या अंबरीषकडे बघत राहिल्या, आणि त्यांचा हात हळूच मिठाच्या पिशवीत गेला.