ओव्हरसियरसाहेब बॅटरीवर बसले

“बॅटरी म्हणजे काय हो संगप्पा, निव्वळ गाय! वेळेवर पाणी पाजा, मोकळा श्वास घेऊ द्या, पोट कधी रिकामं ठेवू नका. बस्स! वर्षानुवर्षं उजेड देत राहील!”

हिप्परग्याच्या तलावाकाठी उभं राहून कमलाकर मास्तरांनी हे सांगितलं, तेव्हा त्यांचा चेहरा असा उजळला होता की बॅटरीची गरजच भासू नये. मास्तर सोलापुरात हायस्कुलात सायन्स शिकवत. ज्याला सायन्स येतं त्याला जगातलं सगळंच येतं, अशी त्यांची ठाम समजूत होती. रविवारी हवा खायला तलावावर यायचे आणि हवेबरोबर कुणी ऐकणारा मिळाला, तर त्याचंही डोकं खायचे.

या खेपेला त्यांना संगप्पा मिळाला होता. तलावात जाळं टाकून पोट भरणारा माणूस. आदल्या महिन्यात तिन्हीसांजेला दोन नावा एकमेकींवर आदळल्या आणि एक जण बुडता बुडता वाचला. तेव्हापासून तलावाचे ओव्हरसियर वेणीमाधवराव यांनी हुकूम काढला होता: अंधारताना जी नाव पाण्यावर असेल, तिच्यावर दिवा हवा. दिवा नसेल, तर नाव काठावर ओढून उलटी घालायची! कंदील तर या तलावाच्या वाऱ्यापुढे दोन घटका टिकेना. आणि मासा जाळ्यात येणार तो नेमका दिवस कलताना. म्हणजे दिवा गेला की नाव गेली आणि नाव गेली की चूल गेली.

“त्यात काय! विजेचा दिवा लावू!” मास्तर म्हणाले आणि कामाला लागले.

पहिल्यांदा त्यांनी शाळेतल्या काचेच्या बरण्यांचे सेल डोळ्यांपुढे आणले. ते घंटा वाजवायला ठीक. दिव्याला त्यांचा दम पुरायचा नाही. टॉर्चचे सेल घ्यावेत, तर ते आज जळले की उद्या उकिरड्यावर. राहता राहिली मोटारीची बॅटरी. मास्तर संगप्पाला घेऊन सात रस्त्यावरच्या एका गॅरेजात गेले. गॅरेजवाल्याकडे एक लहान बॅटरी होती, एक मोठी. तो दोन्हींचं कौतुक एकाच दमात करत होता, त्यामुळे त्याचा काही उपयोग झाला नाही.

“मास्तर, ल्हानी बरी हाय की,” संगप्पा हळूच म्हणाला. “नाव ल्हानी हाय आमची.”

“अहो, नाव लहान म्हणून बॅटरी लहान? उद्या म्हणाल, बुटक्या माणसाला भूकही बुटकीच लागते!”

मोठी बॅटरी आली. ती नावेत ठेवल्याबरोबर नाव वीतभर खाली बसली आणि संगप्पाचा जीव दोन वीत. पण नावेच्या नाकाडावर मोटारीचा दिवा बसवून तार जोडली आणि असा लख्ख झोत पडला, की काठावरच्या बगळ्यांनी पहाट झाली समजून कालवा केला!

देखभालीचं काम संगप्पाच्या बायकोनं, नीलम्मानं घेतलं. मास्तरांनी तिला शाळेतून आणलेली ऊर्ध्वपातित पाण्याची बाटली दिली. “हे वाफेचं पाणी. याच्याइतकं शुद्ध दुसरं नाही. हेच पाजायचं.” मग गाईचं सगळं पुन्हा सांगितलं. पाणी किती घालायचं, एवढं मात्र सांगायचं राहून गेलं. गाईच्या वर्णनात फारच रंगले होते ना!

नीलम्मानं गाय मनापासून सांभाळली. पोट रिकामं ठेवायचं नाही, म्हणून तिनं पहिल्याच दिवशी अख्खी बाटली बॅटरीत ओतली. उरलेली जागा शुद्ध पाण्यानं भरायची, म्हणून सिद्धेश्वराचं तीर्थ आणून काठोकाठ घातलं. आणि श्वास मोकळा राहावा, म्हणून वरची बुचं काढून ताकाच्या गाडग्यात जपून ठेवली.

हे सगळं मास्तरांना कळलं कधी? तर दिव्याच्या सरकारी पाहणीच्या दिवशी, वेणीमाधवरावांबरोबर टांग्यातून उतरून ते नावेत चढले तेव्हा! सूर्य मावळायला टेकला होता. वेणीमाधवराव अंगावर परीटघडीचं धोतर, काळा कोट आणि तोंडावर सरकारी शिस्त घेऊन आले होते.

“दिवा इथून बंधाऱ्यापर्यंत आणि बंधाऱ्यापासून इथपर्यंत जळला पाहिजे. आणि धोक्याची वस्तू नावेत नको. नाहीतर नाव उलटी!”

“धोका कसला, साहेब! लहान मूल शेजारी निजवा!” मास्तर म्हणाले.

इतक्यात संगप्पानं पाहुणचार केला. नावेत कोरडी, उंच जागा एकच होती. बॅटरीवर घोंगडी चौघडी करून टाकलेली होती. “सायेब, हितं बसा की. मऊ हाय.”

साहेब बसले! आणि घोंगडीखालून आवाज आला, ‘गुडुक्!’

मास्तरांच्या कानाला तो आवाज ओळखीचा वाटला. नाव काठापासून सुटली होती. त्यांनी काठावरच्या नीलम्माला ओरडून विचारलं, “बाई, बुचं घट्ट बसवलीत ना?”

“न्हाय जी! बुचं घरात हायत! श्वास कोंडंल की!”

“आणि पाणी?”

“काठोकाठ हाय! त्याची काळजीच करू नगा तुमी!”

मास्तरांनी मनात हिशेब मांडला. म्हणजे तीन उघडी तोंडं, त्यांत काठोकाठ तेजाबाचं पाणी आणि वर सरकारचं बूड! सुती धोतराला तेजाब लागलं की काय होतं, हे त्यांनी दर वर्षी वर्गात चिंधी घेऊन दाखवलं होतं. पोरं टाळ्या वाजवायची.

आता सांगावं, तर ‘धोक्याची वस्तू’ म्हणून नाव उलटी. न सांगावं, तर… संगप्पा निश्चिंत मनानं वल्हं मारत होता. प्रत्येक हेलकाव्याला खालून ‘गुडुक्’ होत होतं आणि प्रत्येक ‘गुडुक्’ला मास्तर साहेबांच्या धोतराकडे डोकावत होते.

“साहेब, इकडे या ना! इथून सूर्यास्त फार सुरेख दिसतो!”

“मी सूर्यास्त बघायला आलेलो नाही.”

“मग जरा उभे राहा. हवा चांगली लागते!”

“मास्तर, नावेत उभं राहू नये, असा माझाच हुकूम आहे!”

घोंगडीची कड ओली दिसायला लागली. मग धोतराच्या काठावर ओल चढली. मास्तरांनी ओंजळभर तलावाचं पाणी घेतलं आणि चुकून उडाल्यासारखं साहेबांच्या बुडाखाली मारलं. तेजाब पातळ होईल तेवढं होवो!

“हे काय?”

“लाट आली, साहेब!”

“लाट तुमच्या हातातून आली!”

बंधारा आला. नाव वळली. अंधार दाटत होता आणि दिवा अगदी राजासारखा जळत होता. संगप्पाला वाटलं, जिंकलो! वेणीमाधवरावांनाही तसंच वाटत असावं, कारण ते पसंतीनं मान हलवणार होते. पण मान अर्ध्यावरच थांबली.

“संगप्पा, इथे काहीतरी चावतंय रे.”

“मुंगळा असंल, सायेब.”

“एक नाही. बरेच आहेत!”

“मंग मुंगळ्यांचं घर असंल की.”

साहेब डावीकडे सरकले. उजवीकडे सरकले. आणि मग असे काही उसळले, जणू खाली निखारा ठेवला होता! नाव कलंडली. बॅटरी घोंगडीसकट आडवी झाली. तार तटकन तुटली आणि दिवा गप्प!

मिट्ट काळोख. नावेच्या तळाशी पाणी खळखळत होतं आणि कुठलं पाणी तलावाचं, कुठलं बॅटरीचं, ते काळोखात कुणाला कळणार? मास्तरांना पोहता येत नव्हतं. पळायला जागा नव्हती. आता बोलणं भाग होतं.

“पाय वर घ्या! तेजाब आहे!”

“तेजाब?” साहेब किंचाळले. “मी तेजाबावर बसलो होतो?”

“फार पातळ आहे, साहेब! आणि त्यात सिद्धेश्वराचं तीर्थही आहे!”

तिघांनीही पाय वर घेतले. संगप्पानं वल्ह्यासकट घेतले, त्यामुळे नाव जागच्या जागी गरगर फिरू लागली. वारा तिला बंधाऱ्याच्या दगडांकडे ढकलत होता. दगडांवर फुटणाऱ्या पाण्याचा आवाज जवळ जवळ येत होता.

“वल्हव! संगप्पा, वल्हव!” मास्तरांचा आवाज चिरकला.

संगप्पा तसाच मांडी घालून, जीव खाऊन वल्हवू लागला. मास्तर सापडेल त्या डबड्यानं तळातलं पाणी उपसून बाहेर टाकू लागले. साहेब गुडघ्यांवर बसून दोन्ही हातांनी नावेची कड धरून होते. तेवढ्यात एक आवाज आला. ‘टर्र!’

मग आणखी एक आला. लांबलचक.

“मास्तर,” काळोखातून साहेबांचा अगदी बारीक आवाज आला, “माझं धोतर जातंय.”

“कुठं जातंय, साहेब?”

“हात लावीन तिथून!”

नशिबानं काठ आला. पाणी कमरेएवढं उरलं, तसे मास्तर ओरडले, “साहेब, पाण्यात उतरा! धुऊन काढा! तेजाबावर तोच उपाय!” साहेबांनी हुकूम पाळला. कमरेएवढ्या पाण्यात उतरून ते उभे राहिले आणि त्यांना पहिल्यांदा बरं वाटलं.

पण काठावर नीलम्मा होती. दिवा विझलेला तिनं पाहिला होता, किंकाळी ऐकली होती. “अय्यो देवरे, बुडाले की!” म्हणत तिनं कडब्याची पेंढी पेटवली. तो जाळ बघून आणि हाक ऐकून निम्मं हिप्परगं पळत आलं. सगळ्या काठावर लालभडक उजेड पसरला.

“विझव! तो जाळ विझव!” साहेब पाण्यातून ओरडले.

वारा उलटा होता. नीलम्माला फक्त ओरडणं ऐकू आलं. “आलं, आलं! अजून लावते, सायेब!” तिनं दुसरी पेंढी टाकली. मग तिसरी.

“संगप्पा!” साहेब हात जोडून म्हणाले. “तिला सांग रे! अंधार कर!”

“पण सायेब, दिव्याचा हुकूम?”

“कंदील चालेल! विझला तर पुन्हा लावा! काचेचा आडोसा करा, काहीही करा, तुझी नाव चालू राहील! पण आत्ता अंधार कर!”

संगप्पा पाणी तुडवत काठावर गेला. जाळावर माती पडली, गर्दीला पाठ फिरवायला लावली आणि नीलम्मानं आपलं ठेवणीतलं हिरवं इरकली लुगडं पुढे केलं. त्यात गुंडाळून घेऊन, कोटाची बटणं नीट लावून ओव्हरसियरसाहेब टांग्यात चढले. काठावरच्या बायकांनी तोंडाला पदर लावले होते. मास्तर अंग चोरून शेजारी बसले.

“मास्तर,” वाटेत साहेब म्हणाले, “हे मरेपर्यंत कुणाला सांगायचं नाही. घरीसुद्धा नाही. शब्द द्या.”

मास्तरांनी शब्द दिला. आणि दिलेला शब्द पाळला.

वेणीमाधवरावांनी मात्र घरी विचारणा होताच घाबरून सांगून टाकलं, “ते लुगडं कमलाकर मास्तरांचं आहे!” त्यांच्या बाईसाहेबांनी ते धुऊन, घडी घालून, गड्याबरोबर मास्तरांच्या घरी पोचतं केलं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मास्तर शाळेतून आले, तर त्यांच्या पत्नी मालतीबाई दारात उभ्या. हातात हिरवं लुगडं.

“हे कुणाचं?”

जगातल्या कुठल्याही गोष्टीवर तासभर बोलणारे मास्तर तोंड उघडून मिटू लागले. शब्द दिलेला! शेवटी एवढंच म्हणाले, “ते… ते बॅटरीपायी झालं.”

मालतीबाईंनी लुगड्याची घडी दुसऱ्या हातात घेतली.

“असं! मग ही बॅटरी राहते कुठं?”