हनुवटीचं इंग्रजी

हॉब्ज साहेबाची मान आखडली आणि चंद्रभान मुकादमाचं इंग्रजी गेलं.

हे एकोणीसशे सदुसष्ट साली घडलं. बोईसरहून तारापूरकडे जाणाऱ्या रस्त्यावर कामगारांसाठी चाळी उभ्या राहत होत्या. कामावर हॉब्ज हा परदेशी साहेब, आणि त्याचं बोलणं मजुरांना समजावून द्यायला संगमनेरकडचा चंद्रभान. साहेबाचं इंग्रजी फार लांबरुंद नव्हतं. पुढे पुट, टेक, ब्रिंग असलं काहीतरी, मध्ये 'इट', आणि मागे अप, डाऊन, बॅक यांपैकी एक शेपूट. एवढ्या भांडवलावर त्याने दोन चाळी बांधल्या होत्या.

चंद्रभानला यातलं फक्त 'इट' यायचं. बाकीचं तो साहेबाच्या हनुवटीवरून वाचायचा. हनुवटी उचलली की "वर घ्या रं", छातीला टेकली की "खाली घ्या", गोदामाकडे वळली की "माघारी न्या". दीड वर्षात एक चूक नव्हती. त्यामुळे त्याला दुभाषा म्हणून कायम करायचं ठरलं होतं. सोमवारी अकरा वाजता मुंबईचे थोरले साहेब येणार, काम बघणार आणि कागदावर सही करणार. उषाने, म्हणजे त्याच्या बायकोने, मिळणाऱ्या क्वार्टरच्या खिडक्या मोजून पडदेसुद्धा शिवले होते.

रविवारी हॉब्ज साहेब दातिवऱ्याला समुद्रात डुंबायला गेला. सोमवारी आला तो गळ्याला पांढरा कडक पट्टा बांधून. हनुवटी पट्ट्यावर ठेवलेली, जागची हलेना. दोन्ही हातांत नकाशांच्या गुंडाळ्या.

समोर पत्र्याची पाण्याची टाकी होती. ती छपरावर चढवायची होती.

"टेक इट अप," साहेब म्हणाला.

चंद्रभानने हनुवटीकडे पाहिलं. ती समुद्राकडे रोखलेली होती.

"भाईर न्या रं," तो म्हणाला.

आठ जणांनी टाकी उचलून रस्त्यावर नेली. एस.टी. थांबली.

"ब्रिंग इट बॅक!"

हनुवटी अजून समुद्राकडेच. चंद्रभानने अंदाजाने ठोकून दिलं, "पालथी घाला."

"रस्त्यात?" आठ जणांतल्या जिवल्याने विचारलं.

"साहेबापरीस तुला जास्त कळतंय व्हय?"

टाकी पालथी घातली. नंतर मोजलं, तर आठातले सातच दिसत होते.

"मुकादम," टाकीच्या आतून जिवल्याचा आवाज आला, "इथं काळोख हाय."

"थांब जरा. साहेब बोलतोय."

साहेब खरोखरच बोलत होता. "गेट हिम आऊट!"

चंद्रभानला घाम फुटला. दीड वर्षात आज पहिल्यांदा वाक्यातून 'इट' गेलं होतं. होता तो आधारही सुटला. एस.टी.चा ड्रायव्हर खाली उतरून विडी पेटवत होता, आणि अकराला दहा मिनिटं कमी होती.

तेवढ्यात ठकी खडीची पाटी डोक्यावर घेऊन शेजारून गेली. सफाळ्याच्या डोंगरातली बाई. शाळेचं तोंड पाहिलेलं नाही.

"त्याला भायेर काढा," ती चालता चालता म्हणाली.

काढला. जिवल्या डोळे किलकिले करत उभा राहिला.

"ब्रिंग इट बॅक," साहेब क्षीण आवाजात म्हणाला.

"माघारी आना," ठकी पाटी रिकामी करून परतताना म्हणाली.

"टर्न इट ओव्हर. पुट इट अप."

"उलटी करा नि वर ठेवा. मुकादम, माझ्या वाटेतून बाजूला व्हा."

थोरले साहेब मोटारीतून उतरले तेव्हा टाकी छपरावर सुलटी बसलेली होती आणि खाली चंद्रभान कमरेवर हात ठेवून उभा होता. त्यांनी काम पाहिलं, मान डोलावली आणि सही केली. हॉब्ज साहेबाला यावर काही सांगायचं असावं. पण मान हलवून नाही म्हणणं त्याला शक्य नव्हतं.

दुपारी चंद्रभान ठकीजवळ जाऊन बसला. ती भाकर खात होती.

"बाई, तुला विंग्रजी कुनी शिकवलं?"

"कोन शिकवनार? डोईवर पाटी असली का मान वळत नाय. साहेबाकडं बघता येत नाय, मग आयकायचा. सगला सारखाच बोलतो तो, शेपूट तेवढा बदलतो."

"आन ते 'हिम'?"

"आमचा सुका खड्ड्यात पडला तवा साहेब हाच बोंबलत व्हता. तुमी रजेवर व्हता."

चंद्रभानने इकडेतिकडे पाहिलं. "मलापन शिकव. कुनाला सांगू नको."

ठकीने हात धुतले आणि दुसरी पाटी त्याच्यापुढे सरकवली. "भरा."

दुसऱ्या दिवसापासून कायम झालेला दुभाषा डोक्यावर खडी घेऊन ठकीच्या मागून चालू लागला. थोरल्या साहेबांच्या कानावर हे गेलं तेव्हा त्यांनी त्याच्या साधेपणाची फायलीत नोंद केली.

तीन आठवड्यांनी हॉब्ज साहेबाचा पट्टा निघाला आणि हनुवटी पूर्ववत चालू लागली. चंद्रभानने सुटकेचा श्वास सोडून पाटी खाली ठेवली. ठकीने ती परत त्याच्या डोक्यावर चढवली. तिच्या मते त्याचं 'ऑफ' अजून कच्चं होतं, आणि खडीचा ढीगही बराच शिल्लक होता.