मीटरवरचं फडकं

मोटारसायकलची गादी शिवून झाली, की ती आधी माझ्या बुडाखाली जाते आणि मग गिऱ्हाइकाच्या! हा आमच्या दुकानाचा कायदा आहे, आणि तो मीच केलेला आहे. फोम कापला, रेक्झिन ताणलं, टाके घातले, की मी स्वतः गाडीवर बसून एक फेरी मारून येतो. गादी कुठं टोचते, कुठं दबते, कुठं घसरते, हे हातानं चाचपून कळत नाही. ते बुडालाच कळतं.

बुडाला आणखी एक गोष्ट कळते. वेग! थरथर मांडीपर्यंत आली की तीस, कमरेपर्यंत आली की पन्नास, दातांपर्यंत आली की शंभर. मला मीटर लागत नाही. मीटर बघून गाडी चालवणं म्हणजे घड्याळ बघून अंग खाजवणं! माझ्या स्कूटरचा मीटर तर कधीच मेलाय. तेव्हापासून मी सांगेन तो वेग. आजवर कुणालाही मला खोटं पाडता आलेलं नाही.

तर त्या दिवशी दातांच्या डॉक्टरांची मोटारसायकल दुकानात होती. काळीभोर, म्हशीएवढी! सुरू केली की समोरच्या शिंप्याची कपाटं थरथरायची. डॉक्टर दुसऱ्या दिवशी पहाटे लांबच्या प्रवासाला निघणार होते, म्हणून नवी गादी. संध्याकाळी गाडी न्यायला येणार होते. शेवटचा टाका घालून मी उठलो, हात झटकले आणि म्हणालो, "चला, फेरी!"

बायको शिवणयंत्रावर होती, तिनं यंत्र थांबवलं. जावई फोम कापत होते, त्यांनी कात्री खाली ठेवली.

याला कारण होतं. मागच्याच महिन्यात एका फेरीहून परत येताना मी दुकानाची पायरी चढलो होतो. गाडीसकट.

"अहो," बायको म्हणाली, "ही शेवटची संधी. चाळीसच्या वर गेलात, तर यापुढं फेऱ्या जावई मारतील आणि तुम्ही बसून चिंध्या गोळा कराल."

"चाळीस? एवढ्या मोठ्या गाडीला चाळीस म्हणजे हत्तीला शेंगदाणा!"

"शब्द द्या."

दिला. काय करणार! फेरी गेली तर माझ्यात उरतं काय? गादी शिवणारे गल्लोगल्ली आहेत. बसून बघणारा मी एकटाच.

"बाबा," जावई म्हणाले, "हिला स्कूटरसारखे हातात गिअर नाहीत. पायात आहेत. पहिला खाली दाबायचा, बाकीचे वर उचलायचे."

"मला शिकवता, जावईबापू?"

"आणि मीटरवरचं फडकं काढायचं राहिलंय."

काम करताना कात्री लागून ओरखडा उठू नये, म्हणून आम्ही मीटरवर जाड फडकं बांधतो. मी जावयांकडे असं काही पाहिलं, की त्यांनी कात्री पुन्हा हातात घेतली.

"राहू द्या ते! मला मीटर बघायला दोन डोळे खर्चायचे नाहीत."

गाडी सुरू केली. पायानं पहिला गिअर दाबला. खट्! क्लच सोडला, आणि काय सांगू! गाडीनं असा हिसका दिला, की माझी टोपी दुकानात आणि मी रस्त्यावर! बायको मागून काहीतरी ओरडली, पण त्या आवाजात काय ऐकू येणार? मी हात हलवून निरोप घेतला.

गिअर बदलायचा होता. पण एवढ्या वेगात पाय उचलायचा म्हणजे धावत्या घोड्यावर चप्पल बदलण्यासारखं! म्हटलं, आहे ते ठीक आहे. एका हातानं क्लच अर्धा दाबून धरला, दुसऱ्या हातानं मूठ पिळली. इंजिन गरजलं! थरथर मांडीला आली, कमरेला आली, छातीत शिरली. कोपऱ्यावरच्या न्हाव्याच्या दुकानापाशी पोचतोय तोवर दात वाजायला लागले!

शंभर! मी हादरलो. दिलेला शब्द पहिल्याच वळणावर मोडला होता!

कमी करायला हवं होतं, कबूल. पण खरं सांगू का? मजा येत होती! डोळ्यांतून पाणी, कानांत वारा. अंगातली सगळी वर्षं एकेक करून मागं रस्त्यावर गळून पडतायत असं वाटत होतं. आणखी जरा पिळलं. दाढा हलल्या. एकशेवीस!

आणि एवढ्या वेगात माझी नजर काय तेज झाली होती! मी अक्षरं शिकलो तीच मुळी उशिरा. पोरीचं लग्न उरकल्यावर बायकोनं शिकवली. तेव्हापासून पाटी दिसली की वाचल्याशिवाय राहवत नाही. पण अक्षराला अक्षर जोडत जावं लागतं. बसमध्ये बसलो तर एकही पाटी पुरी होत नाही. 'येथे केस' एवढं वाचावं तोवर बस पुढच्या चौकात! केसांचं पुढं काय करतात, हे मला चालत गेल्यावर कळलं. त्या दिवशी मात्र चमत्कार! एकशेवीसच्या वेगात सगळ्या पाट्या पुऱ्या! 'येथे छत्र्यांच्या काड्या व मुठी बदलून मिळतील.' पुरी! 'दारासमोर वाहन लावू नये, लावल्यास हवा सोडली जाईल, मग भांडू नये.' पुरी! विजेच्या खांबावर एक कागद चिकटवला होता: 'पोपट हरवला आहे. रंग हिरवा. डाव्या पायात कडी. हाक मारल्यास शिव्या देतो. सापडल्यास उलट बोलू नये, लगेच आणून द्यावा.' खालची बारीक अक्षरंसुद्धा वाचली! म्हटलं, वेगानं मेंदू तल्लख होतो म्हणतात ते हेच.

एक कुत्रं माझ्याबरोबर पळत होतं. मध्येच थांबलं, खांबापाशी आपलं काम उरकलं आणि पुन्हा माझ्या बरोबरीला आलं. काय जातीचं जनावर! असं कुत्रं शर्यतीत धावायला हवं, रस्त्यावर कसं राहिलं कोण जाणे.

आरशात पाहिलं तर मागं बस, ट्रक, चार-पाच मोटारी. सगळे भोंगे वाजवत होते. मला गाठायला बघतायत! मी मनात म्हटलं, वाजवा, वाजवा. इंजिनात दम असेल तर या पुढं!

आणि मग तो भास झाला.

आमच्या आळीतला दूधवाला सायकलवरून माझ्या शेजारून पुढं गेला. रिकाम्या बरण्या खणखणत होत्या. मागच्या कॅरिअरवर, दोन बरण्यांच्या मधोमध, बायको बसली होती! एका हातात माझं पाकीट, दुसऱ्या हातात दूधवाल्याची कॉलर. तिनं पाकीट हलवलं. तोंडाची उघडझाप केली.

मी घाबरून मान फिरवली. ती खरी असणं शक्यच नव्हतं! माझ्या बायकोला जगात दोनच गोष्टींची भीती आहे, दोन चाकांची आणि पोलिसांची. एवढ्या वर्षांत ती माझ्या स्कूटरवर एकदाही बसलेली नाही. शिवाय एकशेवीसला सायकल मागं टाकते? म्हणजे मोडलेला शब्द डोळ्यांसमोर नाचत होता. मन खातं माणसाला, दुसरं काय!

पुढं चौक आला. चौकात वाहतूक पोलीस. त्यांनी हात आडवा केला.

"आजोबा, घ्या बाजूला."

मी ब्रेक दाबला. गाडी जागच्या जागी थांबली. एवढ्या वेगातून इतकी पटकन थांबली, की मी ब्रेकवर खूश झालो. उतरलो आणि सरळ हात जोडले.

"साहेब, चूक माझी. गाडी डॉक्टरांची आहे, त्यांचा काही दोष नाही. एकशेवीस!"

"काय एकशेवीस?"

"वेग."

साहेबांनी गाडीकडं पाहिलं. माझ्याकडं पाहिलं. माझ्या मागं लागलेल्या रांगेकडं पाहिलं. मग आपली टोपी काढून डोकं खाजवलं.

"कुणी सांगितलं तुम्हाला एकशेवीस?"

"गादीनं."

"ही गादी कोण?"

तेवढ्यात मागच्या बसच्या ड्रायव्हरनं खिडकीतून अर्धं अंग बाहेर काढलं. "साहेब, आधी ह्या आजोबांना उचला हो! बाजारापासून ह्यांच्या मागं रांगतोय! माझे दोन प्रवासी उतरून चालत गेले, ते बघा पोचले!"

खरंच, फुटपाथवर पिशव्या घेतलेले दोघेजण पोचले होते. एकानं ड्रायव्हरला हातही केला.

"मी तुम्हाला वेगासाठी थांबवलेलं नाही," साहेब म्हणाले. "रस्ता तुंबवल्याबद्दल थांबवलंय."

काय सांगू, कानाखाली मारली असती तरी एवढं लागलं नसतं! "रस्ता तुंबवला? मी? साहेब, माझे दात मोजा, हललेत का नाही बघा! आयुष्य गेलं गाद्यांवर! एकशेवीसच्या खाली एक कणही नव्हता!"

"बरं," साहेब शांतपणे म्हणाले. "एकशेवीस असेल तर भर बाजारात बेफाम गाडी चालवली म्हणून गाडी जप्त करतो. नसेल तर समज देऊन सोडतो. तुम्हीच सांगा."

"हो, सांगा," मागून आवाज आला. "मलाही कळू दे. एकशेवीस असेल तर फेऱ्या बंद!"

वळून बघतो तर भास उभा! हातात पाकीट, केसांवर धूळ, बाजूला घामानं न्हालेला दूधवाला.

"तू? इथं कशी?"

"लायसन पाकिटात राहिलं तुमचं! पोलिसांनी धरलं तर काय, म्हणून ओरडले, तर मला टाटा करून गेलात. मग बसले बाई जीव मुठीत धरून ह्यांच्या सायकलवर. हात केला, हाका मारल्या, आणि तुम्ही मान फिरवलीत! ओळख नाही दाखवत का बायकोला?"

"वहिनी, तुम्ही माझी कॉलर सोडाल का आता?" दूधवाला म्हणाला.

मी कात्रीत सापडलो. एकशेवीस म्हणावं तर गाडी जाते, फेरी जाते, डॉक्टरांचा प्रवास जातो. नाही म्हणावं तर बुडाची अब्रू जाते! भोवती दहा-वीस माणसं जमलेली. कुत्रंही येऊन बसलं होतं.

"सांगा ना," बायको म्हणाली. तिचा आवाज एकदम मऊ झाला. तेव्हाच मी सावध व्हायला हवं होतं! "एवढ्या वेगात वाटेत काही दिसलं तरी का हो?"

"काही? सगळं दिसलं!" आणि मी सुरू झालो. छत्र्यांच्या काड्या सांगितल्या, मुठी सांगितल्या. हवा सोडणार ते सांगितलं. पोपटाचा कागद तर पायातल्या कडीपासून शिव्यांपर्यंत पाठ म्हणून दाखवला. "आणि खाली बारीक अक्षरांत, 'उलट बोलू नये!'"

बायको साहेबांकडं वळली. "साहेब, ह्यांना अक्षरं मी शिकवलीयत. पोपटाचा तो कागद घरी ह्यांच्या हातात दिला, तर वाचून होईस्तोवर चहा गार होतो."

आधी साहेब हसले. मग दूधवाला. मग बसचा ड्रायव्हर भोंग्यावर डोकं ठेवून हसला, त्यामुळं सगळा चौक हसला. साहेबांनी वाकून गाडी पाहिली आणि म्हणाले, "आजोबा, पहिल्याच गिअरमध्ये आहे की! आणि क्लच जळल्याचा वास येतोय. म्हणून एवढी बोंबलत होती बिचारी."

मी खाली बघितलं. चपलेच्या अंगठ्याशी खेळलो.

"तर किती लिहू?" साहेब म्हणाले. लिहायला त्यांच्या हातात काही नव्हतं, पण त्यांना ऐकायचं होतं.

"पंधरा," मी म्हणालो.

"ऐकू नाही आलं!" बसमधून कुणीतरी ओरडलं.

"पंधरा! पण उताराला सोळा असेल!"

फेरी वाचली. बायकोनं तिथंच जाहीर केलं, की इतक्या सावकाश गाडी चालवणाऱ्या माणसाच्या फेऱ्या बंद करायचं काही कारणच नाही. एवढंच नाही, तर दूधवाला घाईघाईनं निघून गेल्यावर ती पदर खोचून माझ्याजवळ आली.

"सायकलवरून पडले नाही, तर तुमच्या मागून काय पडणार? चला, बसते मी."

साहेबांनी मला पायानं दुसरा गिअर उचलून दाखवला, वर मीटरवरचं फडकं सोडून माझ्या खिशात कोंबलं. "आता गादीला विचारू नका. काट्याला विचारा."

बायको बसली. गादी रुंद, नवी, माझ्या हातची. दोघं ऐसपैस मावलो. मी क्लच पुरा सोडला, दुसरा गिअर उचलला, आणि गाडी समजूतदारपणे चालायला लागली. तिचे दोन्ही हात माझ्या कमरेभोवती आले. मग आवळले. मग असे आवळले, की माझा श्वास वरच्या वर राहिला.

"अहो! हळू! किती पळवताय!"

मी काट्याकडं पाहिलं. बावीस.

"घाबरू नकोस, मी आहे," मी म्हणालो.

"डोळ्यांतून पाणी येतंय हो माझ्या!" ती ओरडली, आणि मग मला माझ्या खांद्यापाशी तिचं हसू ऐकू आलं. खिदळत होती! "अहो, उडतोय आपण! आणखी एक चक्कर मारू या का?"

मारली. पोपटाच्या खांबावरून दोनदा गेलो.

दुकानापाशी आलो तेव्हा डॉक्टर येऊन थांबले होते. जावई दोन्ही हात पसरून पायरीसमोर उभे होते. मी रस्त्यावरच थांबलो, अगदी सरळ. डॉक्टरांनी इंजिनाला बोट लावलं आणि चटका बसून मागं घेतलं.

"बापरे! एवढी तापली? कुठं लांब गेला होतात काय?"

"चौकापर्यंत," मी पुटपुटलो.

"मग पळते कशी?"

मी तोंड उघडणार, तेवढ्यात बायको मागून उतरली. केस पिंजारलेले, गाल लाल, डोळे चमकत होते. डॉक्टरांना म्हणाली, "काय विचारता! वाऱ्यासारखी! आत्ता येताना तर शंभर नक्कीच असेल!"

डॉक्टरांनी माझ्याकडं पाहिलं. जावयांनी माझ्याकडं पाहिलं. मी खिशातून फडकं काढलं, मीटरवर टाकलं आणि चांगली गाठ मारली.